‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर तीन वर्षांत पुन्हा कसा आला?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या पुराला ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा’ म्हणाले होते आणि यंदा पुन्हा तेवढंच पाणी चढलं, तर हे आकडे म्हणजे थापा का? आणि भूकंप-वादळांचंही असंच असतं का? नदीच्या नोंदींवर काम करत असल्याने मला पुराचं जास्त कळतं, तेव्हा उत्तर तिकडेच झुकणार.

थापा नसतात. कुठल्याही एका वर्षी जो पूर येण्याची शक्यता १ टक्का, त्याला ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. फाशावर आत्ताच सहा पडले तरी पुढच्या फेकीत पुन्हा सहा पडू शकतातच की. एकाच घरात ३० वर्षं राहिलात तर असा पूर निदान एकदा बघायला लागण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. उलट सबंध १०० वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यताही ३७ टक्क्यांच्या आसपास उरते. शिवाय हा आकडा नदीवरच्या एका ठिकाणापुरता असतो. एकमेकींपासून लांबच्या शंभर नद्या घेतल्या तर सरासरी दरसाल एकीला तरी असा पूर यायचाच, आणि बातमी तिचीच होणार.

इतकं सांगून बरेच जण थांबतात. मला ते अर्धवट वाटतं, कारण तो १ टक्का कुठून आला हे कोणी विचारतच नाही.

नदीकाठी मोजपट्टी असते, तिच्यावर पाण्याची पातळी वाचता येते. विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी गेलं, तो तसा वाचता येत नाही. नदी आवाक्यात असते तेव्हा प्रवाहमापक पाण्यात सोडून वेग मोजतात, पात्राचा छेद मोजतात आणि ‘इतक्या पातळीला इतका विसर्ग’ असा आलेख तयार करतात. महापुराच्या ऐन भरात, मध्यरात्री, ओंडके वाहून येत असताना नदीत उपकरण सोडायला कोण जाणार? त्यामुळे सर्वांत मोठ्या पुरांचा विसर्ग बहुतेक वेळा तोच आलेख वर ताणून काढलेला असतो. मध्येच पात्रात गाळ भरला किंवा खालच्या अंगाला पूल झाला की आलेख नव्याने बसवावा लागतो.

मग दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग घेऊन उतरत्या क्रमाने यादी करतात. नोंदी ४० वर्षांच्या असतील तर नेहमीच्या सूत्राने पहिल्या क्रमांकाच्या पुराचा पुनरावृत्ती काळ (म्हणजे तेवढा पूर सरासरी किती वर्षांतून एकदा येतो) येतो ४१ वर्षं, दुसऱ्याचा साडेवीस. शंभर वर्षांचा पूर त्या यादीत नसतोच! बिंदूंना धरून एक वक्ररेषा काढायची, ती नोंदींच्या पलीकडे न्यायची आणि शंभरावर काय येतं ते वाचायचं. रेषा गुम्बेलच्या सूत्राची काढली की लॉग-पिअरसनची (अशी वक्ररेषा बसवायची ही दोन संख्याशास्त्रीय सूत्रं), यावरही उत्तर हलतं. तुमच्याकडचे दोन्ही पूर यादीत घातले, की काल ‘शंभर वर्षांचा’ ठरलेला पूर उद्या चाळीस-पन्नास वर्षांचा ठरू शकतो. यात लबाडी नाही, पण आकडा सांगताना सोबत त्याची अनिश्चितता सांगायला हवी. ती क्वचितच सांगितली जाते, याचा मला राग येतो.

आणखी एक गृहीतक आहे: नदी आणि पाऊस पूर्वी होते तसेच आहेत. प्रत्यक्षात पाणलोटातली जमीन सिमेंटखाली गेली की तोच पाऊस नदीत लवकर आणि जास्त उतरतो. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मोठ्या सरी आणखी मोठ्या होतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये २०१५, २०१६ आणि २०१७ अशा लागोपाठ तीन वर्षांतल्या पुरांना ‘पाचशे वर्षांतला’ हे विशेषण लागलं. असं घडल्यावर नशिबाला दोष देण्याआधी मी जुनी यादी तपासेन.

भूकंपाचं गणित वेगळं, कारण खडकात ताण साठत जातो. म्हणजे तिथे वेळापत्रक असेल असं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये जवळपास सारखेच भूकंप झाले. सरासरी अंतर २२ वर्षं. पुढचा १९९३ च्या आत होईल असं अधिकृत भाकीत झालं, सगळा परिसर उपकरणांनी भरून टाकला. भूकंप आला २००४ मध्ये.

‘एकदा होऊन गेला, आता सुटलो’ हा समज तर भूकंपात जास्तच घातक. मोठ्या धक्क्यानंतर आसपास पुन्हा धक्के बसण्याची शक्यता काही काळ वाढलेली असते. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चपासून सुमारे ४० किलोमीटरवर सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, पण मोठी जीवितहानी टळली. फेब्रुवारी २०११ चा धक्का त्याहून लहान होता, पण उथळ आणि शहराला अगदी खेटून. त्यात १८५ माणसं गेली.

वादळांबद्दल एवढंच: वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर पुढे रुंदावत जाणारा जो शंकू काढतात, तो वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचा केंद्रबिंदू कुठून कुठे सरकू शकतो तेवढंच तो दाखवतो, आणि तेही मागच्या काही वर्षांतल्या अंदाजांच्या चुकांवरून. साधारण तीनांत एकदा केंद्र शंकूबाहेर जातं. वारा आणि पाऊस तर त्याच्या बाहेरही पोचतात.

आता तुम्ही काय करावं? ज्यांनी आकडा दिला त्यांना तीन गोष्टी विचारा: नोंदी किती वर्षांच्या, कोणत्या वर्षापर्यंतच्या, आणि नदीवरच्या नेमक्या कुठल्या ठिकाणच्या. त्याहून उपयोगाची गोष्ट तुमच्या हातात आहे. दोन्ही पुरांत उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा वरच्या बाजूच्या मोजपट्टीवर पातळी किती होती आणि तिथे पाणी चढल्यावर किती तासांनी तुमच्याकडे पोचलं, हे आठवतंय तोवर लिहून काढा. शेजाऱ्यांकडून पडताळून घ्या. पुढच्या वेळी पातळीची बातमी आली की सामान कधी हलवायचं याचा अंदाज त्यावरून बांधता येईल. मात्र मधल्या काळात नदीवर नवा पूल किंवा बंधारा झाला तर त्या नोंदीवर डोळे झाकून विसंबू नका.