टीडीएस चांगला, मग पोरांची पोटं का बिघडतात?

प्रश्न : ताई, आमचं घर इंदूरला, रामबागेत. वाड्यातली आजोबांच्या काळातली विहीर अजून चालू आहे आणि नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून पिण्यालाही बरेचदा तीच. फिल्टरवाल्याने मीटर बुडवून टीडीएस ४८० सांगितला, म्हणे एकदम बढिया पाणी. पण पावसाळ्यापासून पोरांची पोटं सारखी बिघडतायत, आणि मागच्या भिंतीला लागूनच शेजाऱ्यांनी सेप्टिक टँक बांधलाय. तुरटी फिरवली तर चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मीटर बरोबरच सांगतोय हो, पण तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू त्याला दिसतच नाहीत. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरतात, पण त्याच मानकात १०० मिली पाण्यात ई. कोलाय (मैल्यातला जंतू) एकही नको असंही लिहिलंय, ते फिल्टरवाले सांगत नाहीत. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं आणि आपण निर्धास्त होतो, एवढंच.

सेप्टिक टँक विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा. आणि आपल्या माळव्यात वर काळी माती, खाली काळा दगड, त्याला भेगा असल्या की घाण पाणी न गाळता सरळ विहिरीत, म्हणजे १५ मीटरवरसुद्धा फार भरवसा नाही.

पण शेजाऱ्यांशी भांडायच्या आधी आपल्या विहिरीभोवतीचा ओटा बघा बरं का. माझ्या मावशीकडे आम्ही सगळे पावसाला नावं ठेवत होतो, आणि एक दिवस कपडे धुताना बघितलं तर बादलीभर पाणी मोरीकडे जायच्याऐवजी ओट्याच्या भेगेत गुडूप! साबणाचं, दुपट्यांचं, सगळं पाणी परत विहिरीत. ओटा चहूबाजूंनी मीटरभर आणि बाहेर उतार असलेला हवा, कठडा अडीच फूट, वर जाळी.

हे झालं की ब्लीचिंग पावडर. विहीर २ मीटर रुंद आणि पाणी ५ मीटर असेल तर साधारण १५,७०० लिटर होतं, हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर ४० ग्रॅम लागेल (ताजी हवी, उघड्या डब्यातली जुनी कुचकामी). बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडा आणि खालीवर हलवा, चुना विहिरीत नको, पाणी जड होतं. मग निदान तासभर उपसू नका, रात्री केलं तर उत्तम. पण टँक झिरपतच असेल तर आज मारलेले जंतू परवा परत हजर, त्यामुळे पावडरवर विसंबू नका.

पीएचईच्या (सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या) लॅबमध्ये जंतू आणि नायट्रेट (मैल्याच्या पाण्यातून येणारा क्षार) दोन्ही तपासून घ्या, बाटली त्यांच्याकडूनच आणा, घरची कोल्ड्रिंकची चालत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर घरातल्या तान्ह्याला ते पाणी उकळूनही द्यायचं नाही, उकळल्याने जंतू मरतात पण पाणी आटून नायट्रेट उलट दाट होतं. तोवर पिण्याला नर्मदेचं पाणी भरून ठेवा, तेही उकळून. आणि रिपोर्ट हातात आला की मग जा शेजाऱ्यांकडे, टँक ड्रेनेज लाइनला जोडून घ्या म्हणावं.