पार्किंगच्या पाटीवर 'अपंग' की 'दिव्यांग'?

प्रश्न असा आलाय की घोडबंदर रोडला एका शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये पार्किंगचे पट्टे नव्याने मारतायत, तर पाटीवर 'अपंग' लिहायचं की 'दिव्यांग', आणि 'राखीव' की 'आरक्षित'.

'दिव्यांगांसाठी राखीव' लिहा. 1995 च्या कायद्याच्या मराठी नावात 'अपंग व्यक्ती' होतं, 2016 च्या कायद्यापासून सरकारी मराठीत 'दिव्यांग' रुळलं आणि आता राज्यात दिव्यांग कल्याण हा वेगळा विभागच आहे. हा शब्द सगळ्यांना आवडतो असं नाही, आमच्यात दिव्य काय आहे असं विचारणारे खुद्द दिव्यांग कार्यकर्तेच आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, पण आज पाटीवर चटकन कळणारा शब्द हाच. 'दिव्यांगजन' नको, ते हिंदी वळण आहे, लोकलच्या डब्यावर वाचून वाचून आपल्याही तोंडात बसलंय. 'आरक्षित' चूक नाही पण एसटीपासून आपल्याकडे जागा 'राखीव'च असतात. आणि पेंटरला नीट लिहून द्या, अनुस्वार दोन, एक 'व्यां'वर एक 'गां'वर, दुसरा राहिला की 'दिव्यांगासाठी' म्हणजे एकाच माणसाची जागा होते.

'दिव्यांग चालकांसाठी' असं मात्र अजिबात लिहू नका, कारण आई व्हीलचेअरवर आणि गाडी मुलगा चालवतोय हे रोजचं आहे, तिला खाली उतरायलाच तर ती जागा हवी असते. नुसतं कारचं चित्रही नको. साइड व्हील लावलेल्या स्कूटरवाल्याने मग कुठे जायचं, साध्या बाइकच्या रांगेत ती मावत नाही. अशा गाड्यांना मोटार वाहन कायद्यात 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे पंगू माणसाची गाडी, म्हणायचे, 2019 च्या दुरुस्तीत ते काढून 'अडॅप्टेड व्हेईकल', म्हणजे गरजेप्रमाणे बदल केलेली गाडी, केलं, फार बरं झालं.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, मोठ्या सार्वजनिक इमारतींसाठी प्रवेशदारापासून 30 मीटरच्या आत अशा 2 कारची जागा सांगितलीय, रुंदी किमान 3.6 मीटर. साधी जागा साधारण 2.5 मीटर असते. जास्तीचा मीटरभर भाग, ज्यावर तिरके पट्टे मारतात तो, दार सताड उघडून, व्हीलचेअर सीटला चिकटवून तिच्यावर सरकायला लागतो, आणि रिकामा दिसतो म्हणून नेमकी तिथेच कोणीतरी बाइक लावून जातं, मग दार अर्धंच उघडतं आणि माणूस गाडीतच अडकतो. म्हणून खाली दुसरी ओळ तेवढ्याच मोठ्या अक्षरात घ्या: 'पट्ट्यांवर दुचाकी लावू नका'.