मुलाच्या चिडचिडीवर आणि आईच्या मूडवर फिश ऑइलचा खरंच उपयोग होतो का?

ताई, तुमचा मुलगा आठ वर्षांचा, शाळेतून रोज तक्रार, घरी तुमचाही आवाज चढलेला, आणि मैत्रीण म्हणते फिश ऑइल त्यालाही दे, तूही घे. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचं आमचंच घर डोळ्यांसमोर आलं. मी परभणीत मेडिकल चालवतो. या गोळ्या मी रोज विकतो, म्हणून विकणाऱ्यानेच सांगितलेलं बरं: मुलाचा स्वभाव बदलेल अशी आशा धरून घेऊ नका. झाला तर थोडा फायदा, सहसा अपाय नाही, खर्च मात्र नक्की.

आमचं लेकरू तेव्हा दुसरीत होतं. दिवाळीनंतर मीच दुकानातून बाटली घरी नेली. माझी आई माळकरी, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. म्हणून लेबल खरवडून काढलं आणि 'ताकदीच्या गोळ्या' म्हणून बाटली फ्रीजवर ठेवली. (चुकलंच ते. पुढे कळेल.) रात्री जेवणं झाली की बायको त्याच्या हातावर एक गोळी ठेवायची. तो म्हणाला, "तू पण घे," म्हणून तीही घ्यायला लागली.

महिन्याभरात घर बदललं. आरडाओरडा कमी झाला, ताट ढकलून उठणं बंद झालं. बायको लातूरला माहेरी फोन करून सांगायची, मी काउंटरवर गिऱ्हाइकांना सांगायचो. त्या हिवाळ्यात माझ्याकडून फिश ऑइल भरपूर खपलं.

मार्चमध्ये कूलर बाहेर काढला. हिवाळाभर तो पोराच्या पलंगाशेजारी जुनी चादर पांघरून उभा होता. बाजूची जाळी काढून जुना वाळा ओढला, तर टाकीच्या कोपऱ्यात पिवळ्या गोळ्यांचा गठ्ठा. एकमेकींना चिकटलेल्या, काही फुटून तेल गळालेलं. वास असा की आई देवपूजा सोडून आली, "कशाचा वास यायलाय रे?" नव्वदपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. पठ्ठ्या गोळी गालात धरायचा, बायको वळली की कूलरच्या जाळीतून आत. आईने माझ्याशी चार दिवस अबोला धरला, ते वेगळंच.

मग सुधारलं कोण? गोळी पोटात गेली होती फक्त बायकोच्या. तिची चिडचिड कमी झाली होती हे खरं. तेलाने की 'औषध चालू आहे, आता सुधारेल' या भरवशाने, असं मला विचाराल तर मी भरवसाच म्हणेन. ती ओरडेनाशी झाली, तसा तोही ताट ढकलेनासा झाला. पण मी नंतर शाळेची डायरी उघडून बसलो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तीनही महिने लाल पेनाने तेच: वर्गात बोलतो, वही अपूर्ण. शाळेतल्या बाईंना काहीच फरक दिसला नव्हता.

गंमत म्हणजे ऑक्सफर्डच्या 2012 च्या अभ्यासातही काहीसं असंच झालं. वाचनात मागे पडलेली 7 ते 9 वर्षांची 362 मुलं, निम्म्यांना 16 आठवडे रोज 600 मिलिग्रॅम डीएचए (फिश ऑइलमधला कामाचा घटक म्हणजे ओमेगा-3, त्याचा हा एक प्रकार), निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. वागण्यात फरक पालकांनी नोंदवला, शिक्षकांना तो दिसला नाही. त्याच लोकांनी पुन्हा 376 मुलं घेऊन तोच प्रयोग केला, 2018 मध्ये निकाल छापला, आणि पहिला फायदा काही परत सापडला नाही. अतिचंचल मुलांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा 2023 चा आढावाही फारसा हुरूप देणारा नाही.

तुमच्या मैत्रिणीची 'तूही घे' ही गोष्ट मात्र मला मॉरिशसच्या प्रयोगाची आठवण देते. तिथे 8 ते 16 वर्षांची 200 मुलं होती. शंभरांना सहा महिने रोज एक ग्रॅम ओमेगा-3 घातलेलं फळांचं पेय दिलं, उरलेल्या शंभरांना तसंच पण ओमेगा-3 नसलेलं. सहा महिन्यांनी दोन्हीकडची मुलं सुधारलेली दिसली! पेय थांबवून आणखी सहा महिने गेले तेव्हा साधं पेय पिणारी मूळ पदावर आली, दुसरी टिकून राहिली. तरी हेही बहुतांशी आईवडिलांच्याच सांगण्यावरून. आणि पेय फक्त मुलांना होतं, तरी ओमेगा-3 च्या गटातल्या आईवडिलांचंही भांडखोर वागणं कमी झालं. मुलांमधल्या सुधारणेचा बराचसा भाग या मोठ्यांच्या सुधारणेतून आलेला दिसला. 2015 मध्ये हे छापून आलं. मी वाचलं ते कूलरनंतर, आणि एकटाच हसलो.

आता घ्यायचंच असेल तर बाटली उलटी करून बघा. समोर 1000 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. कामाचं असतं त्यातलं ओमेगा-3, म्हणजे ईपीए आणि डीएचए; साध्या गोळीत ते बहुधा 180 आणि 120, म्हणजे मिळून 300. बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असतं, तेही वाचा. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, मुलांना डबल डोस देत बसू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

घरात माळ असेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं. ऑक्सफर्डवाल्यांनीही शेवाळाचंच वापरलं होतं. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं नाही ना, ते बघा. जवसाची चटणी आपल्याकडे घरोघर असते, ती जरूर खा, पण जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या जातीचं. शरीर त्यातलं थोडंसंच ईपीएत बदलतं, डीएचएत तर फारच कमी. मासे खात असाल तर धरणातल्या रोहू-कटल्यापेक्षा बर्फाच्या पेटीतून आलेला बांगडा किंवा तारली या बाबतीत सरस.

तुमच्याबद्दल एक. झोप उडालीय, रडू येतं, कशात मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर माझ्यासारख्या मेडिकलवाल्याकडे नका येऊ, सरळ डॉक्टरकडे जा. नैराश्यावर या तेलाचा मोठ्या आढाव्यांत दिसलेला परिणाम इतका लहान आहे की त्याच्या भरवशावर उपचार लांबवणं परवडणार नाही. आणि मुलाचं हिमोग्लोबिन, डोळे, कान एकदा तपासून घ्या. गोळ्यांच्या दोन बाटल्यांपेक्षा ते स्वस्त पडतं.

तरीही सुरू केलंत, तर शाळेतल्या बाईंना सांगू नका. तीन महिन्यांनी सहज विचारा, पोरगा कसाय म्हणून. आणि तुमच्याकडे कूलर असेल तर अधूनमधून जाळी काढून आत बघत जा.