प्रौढांच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला तर तिथे खरी चर्चा होते का?

होते, पण आपोआप नाही. मी बडोद्यात दांडिया बाजाराजवळ संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग घेते. पहिले काही महिने ग्रुपवर नुसती फुलं, गणपती आणि 'शुभ सकाळ'. बायकांना काही म्हणायचंच नाही, असं मला वाटायचं. चूक माझी होती. मी लिहा म्हणत होते. चाळिशीत अक्षरं गिरवलेल्या बाईचा फोन घरात सगळेच हाताळतात. काना-मात्रा चुकला की नातूसुद्धा हसतो. मग बोलून पाठवा म्हटलं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एक काकू दीड मिनिट बोलल्या!

खरी गंमत २०२४ च्या उन्हाळ्यात आली. इथे विजेच्या नव्या स्मार्ट मीटरवरून (आधी पैसे भरायचे, मग वीज वापरायची) ओरड चालली होती आणि 'मीटर दुप्पट पळतो' असा मेसेज कोणीतरी टाकला. खरं की खोटं, ते मी सांगितलं नाही. म्हटलं, जुनं बिल काढा, युनिट वाचा. दोन दिवस वाद चालला. मग एकीच्या लक्षात आलं, की जुनं बिल दोन महिन्यांचं असायचं आणि आता पैसे रोज कापले जातात, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे कसे? दुसरी म्हणाली, "ते ठीक, पण पैसे आधी का भरायचे?" दोघींचंही बरोबर होतं. तो वाद मी मिटवला नाही.

पुढे पाठवलेल्या मेसेजवरचे दोन बाण ओळखायलाही तेव्हाच शिकवलं. असा मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. असं का केलं असेल, यावर एक अख्खा तास गेला.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तरी शिकलेलं विसरू नये म्हणून १९१० पासून वाचनालयं उभी करावी लागली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. आमच्याकडे ते काम आता फोनवर येतं, फक्त पेटीत काय भरायचं हे कोणी ठरवत नाही.

ग्रुप लहान ठेवा, आमचा अठरा जणींचा आहे. आणि घरच्या पुरुषांना घेऊ नका. मी एकदा एका भावजींना घेतलं. आठवडाभर तेच एकटे बोलत होते.