शिकारीचे प्रश्न, वाचकांचे: कायोटी ३०० यार्डांवरून परत का फिरतो?

प्रश्न: काका नमस्कार. आम्ही कॅन्ससमध्ये विचिटाजवळ राहतो, ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर गेल्या हिवाळ्यापासून कायोटीच्या (इकडचा कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा रानप्राणी) मागे लागलोय. कॉलरवर (प्राण्यांचे आवाज काढणाऱ्या यंत्रावर) सशाच्या किंकाळ्या लावल्या की कायोटी येतो खरा, पण ३०० यार्डांवर थबकतो, टक लावून बघतो आणि वळून निघून जातो. म्हणून ऑक्टोबरात पूर्ण आकाराचा कायोटीचा डिकॉय, म्हणजे फसवायला ठेवायचा नकली प्राणी, घेतला, वर एक केसाळ शेपटी गरागरा फिरवणारं मशीन पण घेतलं. कॉलर आणि दोन्ही डिकॉय आमच्या समोर १० फुटांवर ठेवतो, तरी तेच चाललंय. डिकॉय खोटा वाटतो का त्याला?

उत्तर: डिकॉय खोटा वाटत नाही हो, तुम्ही खरे दिसताय! १० फूट हे वाचलं आणि मला माझाच पहिला सीझन आठवला, मी पण असंच करायचो. आवाज आला की कायोटी त्या जागेवर नजर रोखूनच येतो, त्याचा कान इतका नेमका असतो की लांबूनसुद्धा आवाजाचं ठिकाण पकडतो, आणि त्या ठिकाणाच्या मागे १० फुटांवर तुम्ही दोघं बसलेले, एकाने नाक खाजवलं, एकाने रायफल जरा फिरवली, झालं. डिकॉय कायोटीला बोलवायला नसतो, बोलवायचं काम आवाज करतो. डिकॉय असतो तो त्याचे डोळे तुमच्यावरून काढून दुसरीकडे खिळवायला, आणि हे एकदा डोक्यात बसलं की कुठे ठेवायचा ते आपोआप कळतं.

आता वारा. कायोटी सरळ आवाजावर चालून येईलच असं नाही, बहुतेक वेळा तो गोल फिरून वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला जातो आणि आधी वास घेतो, कारण डोळे कान फसले तरी नाक फसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून मी असा बसतो की वारा माझ्या डावीकडून उजवीकडे जाईल, आणि कॉलर व डिकॉय समोर थोडं डावीकडे ४०-५० यार्डांवर ठेवतो. समोरून आलेला कायोटी डिकॉयचा वास घ्यायला माझ्या उजव्या बाजूला वळायला लागतो, म्हणजे बरोबर माझ्या रायफलीसमोर आडवा होतो, आणि नजर अजून त्या हलणाऱ्या शेपटीवर. माझा वास जातो त्या पट्ट्यात शिरायच्या आत गोळी सुटली पाहिजे, एकदा तिथे पोचला की तो गेलाच समजा. बसायच्या आधी चिमूटभर सुकं गवत हवेत सोडून बघा, फोनवरच्या वाऱ्यावर विसंबू नका, ओघळीत वारा वेगळाच असतो.

दुसरं, तो पूर्ण आकाराचा डिकॉय नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गाडीतच राहू दे. त्या दिवसांत फिरणारे बरेचसे त्याच वर्षीचे जवान पोरगे असतात, आईबापांपासून नुकतेच सुटलेले, आणि ससा मरतोय त्या जागेवर एक मोठा कायोटी त्यांच्याकडे तोंड करून उभा दिसला की मार खायला कोण जाणार? जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ, तेव्हा काढा, हाऊलचा, म्हणजे कायोटीच्या हेल काढून ओरडण्याचा, आवाज लावा, हद्दीत घुसखोर आला म्हणून जोडी चवताळून येते. आणि तेव्हाही डिकॉय आडवा उभा करा, त्यांच्यावर रोखून नको.

शेपटीचं मशीन चालेल, पण कुठे ठेवताय ते बघा. तुमच्याकडे सीआरपीचं (सरकारी योजनेत पडीक ठेवलेल्या शेतांतलं) उंच गवत भरपूर, कायोटीची खांद्याची उंची जेमतेम दोन फूट. ठेवल्यावर १०० यार्ड मागे जाऊन गुडघ्यावर बसून बघा, तुम्हाला नाही दिसला तर त्याला काय दिसणार. टेकाडावर, चरलेल्या कुरणात, असं कुठेतरी. दाट झाडीत तर मी डिकॉय नेतच नाही. हात लावताना हातमोजे घाला, आणि पेट्रोल भरून त्याच हाताने डिकॉय उचलला असेल तर त्या दिवशी तो काढूच नका. कडाक्याच्या थंडीत साध्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात, लिथियमच्या घ्या.

प्रश्न: मशीन महाग पडतं. घरी काही बनवता येईल का?

उत्तर: येतं की, आणि मला तर तेच जास्त आवडतं. एक काठी, हातभर मासेमारीची दोरी, आणि टर्कीचं एक पीस. काठी जमिनीत तिरकी खोचायची, पीस टोकाला लटकवायचं, झुळुकीवर ते फडफडतं. आवाज नाही, बॅटरी नाही. फेब्रुवारीच्या शेवटी जेव्हा सगळ्यांनी आवाज लावून लावून कायोटी शहाणे केलेले असतात तेव्हा मोटरची घरघर ऐकून पळणारे या पिसाकडे निवांत बघत बसलेले मी पाहिलेत. वारा अगदीच पडला तर मात्र उपयोग शून्य.

प्रश्न: मी एच-वन-बीवर आहे. मित्राची रायफल वापरली तर चालते ना, माझ्या नावावर बंदूक नाहीये.

उत्तर: थांबा, हे नीट वाचा. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर (तुमचा एच-वन-बी त्यातलाच) असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, आणि मित्राची हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. यातून सूट मिळते ती मुख्यतः अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर. चालू म्हणजे त्या दिवशी चालू, मागच्या वर्षीचं खिशात असून भागत नाही. कॅन्ससमध्ये कायोटीचा सीझन वर्षभर उघडा असतो म्हणून लोकांना वाटतं लायसन्सची भानगड नाही, तसं नाहीये. १ जुलै १९५७ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर साधारणपणे हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो, तो कराच, खूप शिकायला मिळतं. आणि तिथली जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे, मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही. व्हिसाबद्दल जराही शंका असेल तर वकिलाला विचारा, शिकार पुढच्या वर्षी पण करता येते.

जाता जाता, पूर्ण आकाराचा डिकॉय खांद्यावर उघडा टाकून चालू नका, केशरी पिशवीत घालून न्या, आणि बसताना त्याच्या सरळ मागे कधीच बसू नका. लांबून दुसऱ्या शिकाऱ्याला तो कायोटीच दिसतो. केशरी टोपी घातल्याने कायोटी बिचकेल ही भीती सोडा, कुत्र्यासारखंच त्यालाही लाल-केशरी रंग वेगळे कळत नाहीत, हालचाल कळते.

प्रश्न: जिवंत कुत्रा डिकॉय म्हणून वापरतात असं ऐकलं. आमचा लॅब चालेल?

उत्तर: नाही. ते कुत्रे त्यासाठीच शिकवलेले असतात, उन्हाळ्यात पिल्लं बिळात असताना कायोटीची जोडी कुत्र्याला हाकलायला धावते आणि कुत्रा त्यांना मागे घेऊन मालकाकडे परत येतो. मेंढरं मारली जातात तिथले रँचवाले हे करतात, त्यांची गरज मी समजू शकतो, पण हौसेसाठी मला ते पटत नाही, आईबाप मेले की बिळातली पिल्लं उपाशी मरतात. तुमच्या लॅबला तर दोघं मिळून फाडतील. त्याला घरी ठेवा.