झेंगर खटला : अब्रुनुकसानी, राजद्रोह की राजनिंदा?

न्यूयॉर्कचा मुद्रक जॉन पीटर झेंगर याच्यावर १७३५ मध्ये चाललेल्या खटल्यातील 'सेडिशस लायबल' (सरकारची निंदा करणारा मजकूर छापणे) या आरोपाला मराठीत 'अब्रुनुकसानी' म्हणावे की 'राजद्रोह', असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते दोन्ही शब्द अपुरे पडतात आणि 'राजनिंदा' हा अधिक नेमका आहे.

विल्यम कॉस्बी १७३२ मध्ये न्यूयॉर्क या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर होऊन आला आणि त्याआधी हंगामी कारभार पाहणाऱ्या रिप व्हॅन डॅम यांच्याकडे त्याने त्यांच्या पगारातला अर्धा वाटा मागितला. ज्यूरीविना वसुलीचा दावा चालवण्याच्या त्याच्या खटपटीला सरन्यायाधीश लुईस मॉरिस यांनी विरोध करताच त्याने त्यांना पदावरून दूर केले. मॉरिस यांच्या पक्षाने १७३३ मध्ये कॉस्बीवर टीका करणारे 'न्यूयॉर्क वीकली जर्नल' हे साप्ताहिक काढले. त्यातील मजकूर मुख्यतः जेम्स अलेक्झांडर या वकिलाच्या हातचा होता, परंतु छापणारा झेंगर असल्याने तुरुंगात गेला तो झेंगर, आणि सुमारे नऊ महिने तो आत असताना त्याची पत्नी ॲना हिने छापखाना चालू ठेवला.

खटल्यात झेंगरचे वकील अँड्र्यू हॅमिल्टन यांनी मजकूर आपल्या अशिलानेच छापल्याचे सरळ कबूल केले. तेव्हा ॲटर्नी जनरल ब्रॅडली यांनी सांगितले की, आता ज्यूरीला दोषी ठरवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण मजकूर खरा असला तरी गुन्हा हा गुन्हाच. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे हे म्हणणे बरोबरच होते; खऱ्या टीकेने लोक अधिक बिथरतात, म्हणून ती अधिक घातक मानली जाई. हॅमिल्टन यांनी मात्र सत्य छापणे हा गुन्हा होऊच शकत नाही, असे ज्यूरीपुढे ठासून मांडले आणि ज्यूरीने झेंगरला निर्दोष ठरवले.

शब्दाचा निर्णय याच मुद्द्यावर होतो. अब्रुनुकसानीत फिर्याद व्यक्तीची असते आणि खरेखोटेपणाला महत्त्व असते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या फिर्यादीवरून टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, ते ज्यांच्या आधारे लिहिले ती पत्रे बनावट निघाल्यामुळे. 'राजद्रोह' हा शब्द टिळकांच्या १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांमुळे आपल्या कानांत बसला आहे, आणि सरकारविरुद्धचा गुन्हा एवढ्यापुरता तो येथे जवळचाही आहे; पण 'द्रोह' म्हटले की बेइमानी आणि उठाव डोळ्यांपुढे येतात, तर मॉरिस यांचा पक्ष राजाशी एकनिष्ठच होता, त्यांचे भांडण गव्हर्नराशी होते.

निंदा खरीही असू शकते. 'निंदकाचे घर असावे शेजारी' असे आपण म्हणतो ते याचसाठी, कारण निंदकाने दाखवलेले दोष बहुधा आपल्यात असतातच. खरे बोलूनही ज्यात शिक्षा होई, त्या गुन्ह्याला म्हणूनच 'राजनिंदा' शोभते. लेखात पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'सरकारची निंदा करणारा मजकूर छापल्याचा आरोप' असे उलगडून लिहावे आणि पुढे 'राजनिंदा' एवढाच शब्द वापरावा.