आधी जनरल रजिस्टर उघड

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रुजू झालीस, आनंद वाटला. द्विशिक्षकी शाळा, पट २६, गळकं छप्पर, आणि काही मागितलं की ‘बघू बाई’ म्हणून वेळ मारून नेणारे गावकरी, हे सगळं तू फोनवर एका दमात सांगितलंस. रंगकाम, वाचनकोपरा, टीव्ही अशी कामांची यादीही वाचून दाखवलीस. यादी चांगली आहे. पण पहिले आठ दिवस ती बाजूला ठेव आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढ, शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक पोराची नोंद असते ते. असेल त्यातलं सगळ्यात जुनं.

पानं हळू उलट, कडेला पापडासारखी मोडतात. जन्मतारखेच्या रकान्यात तुला १ जून, १ जून, परत १ जून दिसेल. आईला आठवायचं ते ‘पेरणीच्या टायमाला’ किंवा ‘मोठ्या पुराच्या साली’. गुरुजी पोराकडं बघून अंदाजानं साल धरायचे आणि शाळा सुरू होताना वय पुरं भरावं म्हणून १ जून टाकायचे. ३१ मे रोजी इतकी माणसं एकदम निवृत्त का होतात, ते त्या पानावर कळतं.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला अशाच रजिस्टरांवर माणसांची रीघ लागली होती. त्यांना जातीचा रकाना हवा होता. तू शेवटाकडचा रकाना वाच : शाळा सोडल्याचे कारण. तिथं ‘सतत गैरहजर’ हे दोन शब्द पानोपान येतील, आणि जास्त करून मुलींच्या नावापुढं, तिसरी-चौथीच्या वर्गात.

माझ्या दुसऱ्या शाळेतली गोष्ट. पालकसभेला कोणी येईना म्हणून मी गावावर चिडलो होतो, चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. मग एका रविवारी रजिस्टर चाळताना शेजारच्या घरातल्या आजीचं नाव सापडलं. तिसरीतून कमी केलेलं, कारण तेच. मी सहज विचारलं, तर आजी म्हणाली, ‘‘गैरहजर कशानं? हितंच तर हुते की! ह्या भिंतीला पाणी कुणी घातलं मग?’’ माझ्या मनगटाला धरून तिनं मला वर्गाच्या मागं नेलं आणि खालच्या थरातले गोल दगड दाखवले. ओढ्यातले दगड. गाव श्रमदानानं खोली बांधत होतं, मोठी माणसं माती कालवत होती, आणि ही आठ-नऊ वर्षांची पोर ओढ्यावरून घागरी आणत होती. आत हजेरी चालायची तेव्हा ती बाहेर, त्याच शाळेच्या भिंतीपाशी. मी सभेत जे बोललो होतो त्याची मला फार लाज वाटली.

आपल्या सातारा जिल्ह्यात हे नवल नाही. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. त्या पोरांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. पण त्यांच्याइतकंच मला मुष्टिफंडाचं मोल वाटतं. घरच्या धान्यातली एक मूठ बाई शाळेसाठी बाजूला काढायची. पुढं डोंगरी गावांत व्हॉलंटरी शाळा निघाल्या : एक शिक्षक, आणि देवळात, चावडीत नाहीतर कुणाच्या तरी पडवीत वर्ग. सरकारी इमारत, शिक्का, जिल्हा परिषद हे त्यानंतरचं. जिल्हा परिषदा तर १९६२ सालच्या.

एक मात्र विसरू नकोस. ‘गावाची शाळा’ म्हणताना दलित वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना लहानपणी आपल्याला वर्गाबाहेर बसवल्याचंही आठवतं. त्यांच्याकडं वेगळी जा, आणि शक्यतो पहिल्यांदा त्यांच्याकडंच जा. त्यांनी बोलावं म्हणून घाई करू नकोस.

शाळा व्यवस्थापन समितीचं म्हणशील तर कायदा नेटका आहे : पाऊण भाग पालक, निम्म्या बायका. पण सह्या घरोघर फिरवून घेतल्या की समिती कागदावर राहते. संध्याकाळी डेअरीला दूध घालून माणसं परततात, त्या वेळी घरी जा. हातात पावतीपुस्तक नको, त्यांच्या लेकराची वही असू दे. ‘तुम्ही काय देणार’ हा प्रश्न नंतरचा. आधी त्यांच्या आज्या-पणज्यांनी काय दिलं ते विचार. पत्रा कुठून आला, जागा कुणी सोडली, पहिले गुरुजी कुणाकडं जेवायचे. ती आजी पुढच्या सभेला आली, सोबत सुनेला घेऊन. सून जाताना म्हणाली, ‘‘छपराचं बघतो आम्ही, पण सुट्टीतच बोलवा, आत्ता ऊसतोड चालूय.’’

तेव्हा छपराचा विषय तूही मे महिन्यासाठी ठेव. रजिस्टरला हात लावताना हात कोरडे असू देत. गावात अजून हयात असलेली जी नावं सापडतील ती एका वहीत उतरवून घे, आणि दिवाळीला आलीस की ती वही घेऊन ये. मला वाचायची आहे.

तुझे
गुरुजी